घासूनपुसून परत

आमच्या घराला चांगुलपणाचा रोग आहे. मधुमेह असता तर निदान गोळ्या तरी घेता आल्या असत्या.

माझे सासरे, आप्पा, शेजारून आलेली साधी वाटी परत करायची तर आधी ती चिंच लावून घासतात, मग पुसतात, मग उजेडाकडे धरून आत बघतात. एरवी स्वयंपाकघरात त्यांनी जन्मात इकडची काडी तिकडे केली नाही, पण उसनं भांडं घासायचं काम ते मला कधी करू देत नाहीत. वाटी रिकामी पाठवायची नाही हे तर आहेच. घरात काही नसलं तर आंबापोळीचा तुकडा, तोही नसला तर चार सुपाऱ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरच्याने मागायच्या आत परत करायची. त्याला तोंड उघडावं लागलं की आपली अब्रू गेली, असा सगळा हिशेब.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला याचं फार कौतुक वाटलं होतं. माहेरी पत्रं लिहून कळवलं होतं मी. आता त्याच गोष्टीचा राग येतो, आणि ज्यांच्यावर रागवायचं त्यांच्यावर रागावता येत नाही म्हणून तो जास्तच येतो.

माझा नवरा सलिल. आप्पांसमोर अहो, एरवी अरे. तो बंगळूरला एका संस्थेत पीएच.डी. करत होता. अठ्ठ्याण्णव साली ऐन आंब्याच्या हंगामात आप्पांना हृदयविकाराचा झटका आला. सासूबाई आधीच गेलेल्या, कलमांवर आंबा लगडलेला आणि बघायला कोणी नाही. सलिल एक हंगाम काढून देतो म्हणून आला. मग पावसाळा आला, बाग साफ करायची होती. मग मोहोर आला, फवारणी करायची होती. असं करत तो राहिलाच. त्याचा अर्धा प्रबंध माळ्यावरच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत. मी लग्न करून आले तेव्हा त्या ट्रंकेकडे बोट दाखवून म्हणाला होता, "ती माझी पहिली बायको."

त्याचा विषय वाळू. आरे आणि वारे या आमच्याकडच्या दोन पुळणी, मध्ये समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक. पावसाळ्यात समुद्र पुळणीवरची वाळू ओढून नेतो, खालचे खडक उघडे पडतात. दिवाळीपर्यंत वाळू परत आणून टाकतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सलिलचा प्रश्न त्याच्या पुढचा. आणून टाकतो ती त्याच पुळणीची असते का? की आऱ्याची वाळू डोंगराच्या नाकाला वळसा घालून वाऱ्याला जाते आणि वाऱ्याची आणखी कुठे?

"म्हणजे समुद्र नेलेलं परत करतो," आप्पा म्हणाले होते, "पण ज्याचं त्याला करतो की नाही, एवढंच ना? हे विचारायला बंगळूरला जावं लागतं होय रे?"

"विचारायला नाही आप्पा," सलिल म्हणाला, "मोजायला."

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात त्याच्या सरांचा फोन आला. त्याचा अर्धा राहिलेला प्रबंध सर विसरले नव्हते. विद्यापीठाने जुन्या, अर्धवट राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी एकदाच दार उघडलं होतं. दिवाळीच्या सुमाराला प्रबंध हातात पडला पाहिजे. त्यानंतर सर निवृत्त होणार, आणि मग सलिल कोण, वाळू कसली, हे विचारायलाही तिथे कोणी उरणार नव्हतं. प्रबंधात बाकी सगळं होतं. नव्हतं ते शेवटचं मोठं गणित. एका पूर्ण पावसाळ्याचं, लाटेलाटेचं. असलं गणित साध्या कॉम्प्युटरवर करायचं तर दहा वर्षं लागतील, आणि संस्थेचा मोठा कॉम्प्युटर बाहेरच्या माणसाला मिळत नाही.

आठवडाभर सलिल जेवताना भातावर बोटाने रेघोट्या ओढत होता. मग एक दिवस म्हणाला, "सुनेत्रा, प्लेस्टेशन."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

परदेशात काही शास्त्रज्ञांनी व्हिडिओ गेमची मशिनं एकमेकांना जोडून मोठाली गणितं सोडवली होती, ते त्याने इंटरनेटवर वाचलं होतं. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे मला जेवढं समजलं तेवढं सांगते. या मशीनच्या पोटात एक मुकादम असतो आणि त्याच्या हाताखाली गडी. गेममधल्या मोटारी न् स्फोट दाखवायला इतक्या झटपट आकडेमोड करावी लागते की ते गडी साध्या कॉम्प्युटरला कुठल्या कुठे मागे टाकतात. आणि आत दुसरी प्रणाली घालून त्या गड्यांना आपल्या कामाला लावायची सोय कंपनीनेच ठेवलेली होती. एका मशीनला झेपणार नाही म्हणून किनाऱ्याचे उभे पट्टे पाडायचे, एकेक पट्टा एकेका मशीनला द्यायचा. भाताच्या लावणीसारखंच. सगळे ओळीत वाकतात, आपापला पट्टा लावतात आणि एकदमच एक पाऊल मागे येतात. प्रत्येक पावलाला शेजारच्या पट्ट्याच्या कडेला काय चाललंय हे बघून मगच पुढचं. एकजण थांबला की सगळे थांबतात.

पाच मशिनं लागणार होती. एक आम्ही घेतलं. बाकीची सलिलने उसनी आणली. रत्नागिरीत असली मशिनं असणारी घरं तेव्हा मोजकीच, पण शाळा नुकत्याच सुरू होत होत्या आणि आईबाप त्या मशिनांना इतके कावले होते की सलिल त्यांना देवासारखा वाटला. डॉक्टर मनस्विनींनी तर मशीन पिशवीत भरूनच ठेवलं होतं. "दिवाळीपर्यंत याचं तोंड दाखवू नका," असं म्हणून त्यांनी ते सलिलच्या हातात दिलं, आणि मागे त्यांचा वरद घरातलं कोणी गेल्यासारखा उभा होता.

मशीनमध्ये आपलं काम घालायचं तर आधीचं सगळं पुसावं लागतं. सलिलने प्रत्येक घरच्या मुलाचा खेळ जिथवर आला होता तिथवर पेनड्राइव्हवर काढून घेतला आणि त्यावर घराचं नाव चिकटवलं. आप्पा झोपाळ्यावरून बघत होते.

"हे कशाला रे?"

"मुलांचे खेळ आहेत, आप्पा. परत देताना माझं सगळं पुसून टाकायचं, हे पुन्हा आत घालायचं. आणलं तसं परत."

आप्पांचा चेहरा असा उजळला म्हणता. "हे खरं! माणसाने असं वागावं," ते मला म्हणाले. "बघितलंस? हे काही संस्थेत शिकवत नाहीत हो. हे घरचं आहे."

ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

मशिनं ठेवली आंब्याच्या अढीच्या खोलीत. हंगामात तिथे पेंढ्यात आंबे पिकत घालतो, पण जूनपासून ती खोली रिकामीच असते. भिंतीला फळ्या होत्या, त्यांवर पाच काळीभोर, गुळगुळीत मशिनं ओळीने बसली. वायरी, पंखे, इन्व्हर्टर. सगळी एकदम सुरू झाली की खोलीभर घुमल्यासारखा आवाज येई, आणि मशिनं तापली की लाकडात मुरलेला हापूसचा वास बाहेर पडे. "यंदा अढी उशिरा लागली म्हणायची," आप्पा म्हणायचे. "कधी पिकतंय बघू." दुपारचा चहा घेऊन ते तिथेच जाऊन बसायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बसायचे. कुठलं मशीन कोणाच्या घरचं हे त्यांना पाठ होतं. सलिलने एकदा त्यांना सांगितलं की डॉक्टरांच्या मशीनकडे मधला पट्टा आहे, डोंगराच्या नाकाचा, सगळ्यात अवघड. तेव्हापासून ते डॉक्टरांच्या मशीनवरची धूळ जरा जास्तच पुसायचे.

त्या पावसाळ्यात मी एक वेगळाच माणूस पाहिला. आठ-नऊ वर्षं मी ज्याच्याशी संसार केला तो शांत, समजूतदार, कलमांना खत घालणारा होता. हा शीळ वाजवायचा. जेवताना बोलायचा. मला मध्येच उठवून पडद्यावर दाखवायचा, "ही बघ जुलैची वाळू." मला नुसते रंग दिसायचे, पण त्याच्या तोंडाकडे बघून मी "अरे वा" म्हणायची. मला तो तेव्हा इतका आवडला होता की थोडं वाईटही वाटलं. हा माणूस इतकी वर्षं ट्रंकेत होता आणि मला वाटत होतं की ट्रंकेत कागद आहेत.

जुलैत वीज पडली. आमच्या घरावर नाही, खालच्या खांबावर, पण टेलिफोनच्या तारेतून आत आली आणि सलिलचा कॉम्प्युटर गेला. त्याच कॉम्प्युटरवर तो सगळ्या पट्ट्यांची एकत्र प्रत ठेवायचा. ती गेली. मशिनं वाचली. "काही बिघडलं नाही," तो म्हणाला. "ज्याचा पट्टा त्याच्यापाशी आहे. नवी डिस्क आणली की पुन्हा एकत्र करीन." सगळं मावेल एवढी मोठी डिस्क इथे मिळेना. तोवर गणित थांबवायला नको म्हणून त्याने ते तसंच पुढे चालवलं.

ऑगस्ट सरत आला तेव्हा गणित सप्टेंबरच्या वाळूपर्यंत पोचलं होतं. थोडंच राहिलं होतं. सरांनी म्हटलं, झालंय तेवढं घेऊन समोर येऊन बस, प्रकरणाची मांडणी ठरवू. सलिलने मशिनं व्यवस्थित थांबवली, सगळ्यांनी आपापला पट्टा आपल्या पोटात नीट ठेवल्याची खात्री केली, चित्रं छापून घेतली आणि येताना डिस्कही आणतो म्हणून बंगळूरच्या गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना डॉक्टर मनस्विनींचा घरी फोन आला. गणपतीला मुंबईहून दिराची मुलं येणार आहेत, वरद जरा मागे लागलाय, तर मशीनचं काम झालं असेल तर... पण घाई नाही हो, अजिबात घाई नाही. त्या बाईंना खरोखरच घाई नव्हती. नाही म्हटलं असतं तर त्या "बरं" म्हणाल्या असत्या. पण त्यांना तोंड उघडावं लागलं होतं ना!

मी घरी आले तेव्हा आप्पा कोट घालून झोपाळ्यावर बसले होते. कोट घालून म्हणजे बाहेर जाऊन आलेले. बरेच खुशीत.

"डॉक्टरांचं मशीन दिलं हो परत," म्हणाले. "त्यांचा फोन आला होता. आता गणपतीचे दिवस, मुलं यायची, आपण कशाला धरून ठेवायचं? सलिलचं काम तर थांबलेलंच आहे. रिक्षाने बाबल्याच्या दुकानात नेलं आधी. आतलं सगळं पुसून घेतलं आणि पोराचा खेळ होता तसा घालून घेतला. त्या पेनवर नाव होतंच. वर आंबापोळीचा डबा दिला. वरद काय खूश झाला म्हणून सांगू!"

मला गणित कळत नव्हतं, पण 'पुसून' हा शब्द कळला. मी अढीच्या खोलीत गेले. फळीवर मधोमध एक जागा रिकामी होती. आप्पांनी तिथली फळीसुद्धा ओल्या फडक्याने पुसून ठेवली होती.

मी तशीच चपला घालून बाबल्याच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्त करणारा हा मुलगा, माझ्याच शाळेतल्या शिपाईमावशींचा भाचा. मी त्याला काय वाटेल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

"वहिनी, मी बोल्लो काकांना, आत कायतरी हाय म्हणून. सलिलदादांना दोनदा फोन लावला मी. लागलाच नाय. गाडी बोगद्यात असणार. काका म्हणाले, अरे त्यानेच सांगितलंन, परत देताना पुसायचं म्हणून. माझ्यासमोर सांगितलंन. मग काकांना मी काय म्हणू?"

काय म्हणणार? मी त्याच्या जागी असते तर मीही काही म्हणाले नसते. आप्पा शहरातल्या निम्म्या लोकांचे काका आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे.

"पुसलेलं परत येतं का रे?"

"पुसून वर पोराचा खेळ चढवलाय, वहिनी," तो म्हणाला. त्यात सगळं आलं.

संध्याकाळी सलिलचा फोन लागला. मी मुद्दाम मागच्या पडवीत जाऊन बोलले.

"डॉक्टरांचं मशीन आप्पांनी परत दिलं."

"अरेच्चा. बरं, असू दे. गणपती झाले की चार दिवसांसाठी पुन्हा मागू. आतलं तसंच असेल ना, वरदला म्हणावं, तू—"

"पुसून दिलं, सलिल."

पलीकडे बंगळूरची रहदारी ऐकू येत होती. मी "हॅलो" म्हटलं.

"आहे," तो म्हणाला. मग विचारलं, "वरदचा खेळ परत घातलान ना नीट? नाही तर पोराचं..."

माझा इतका संताप झाला. "तुझ्या तोंडात दुसरं काही येत नाही का रे? तुझं काय गेलं ते तरी विचार!"

"आप्पा कुठेत?"

"झोपाळ्यावर."

"त्यांना काही बोलू नकोस. शपथ आहे तुला."

मधला पट्टा गेला म्हणजे सगळंच गेलं, हे त्याने मला आल्यावर समजावून सांगितलं. तेवढाच पट्टा पुन्हा करता येत नाही, कारण त्याला पावलोपावली शेजारच्यांच्या कडा लागतात, आणि त्या मागच्या कडा कोणी जपून ठेवलेल्या नसतात. लावणीतला मधला माणूस आणि त्याची रोपं नाहीशी झाली आणि बाकीचे बांधापाशी येऊन पोचलेत, तसं. पुन्हा सुरुवातीपासून करायचं तर पुन्हा सगळा पावसाळा. आणि दिवाळी तर समोर आली होती. सरांनी विद्यापीठात विचारून बघितलं. तारीख पुढे ढकलली नाही. सर फोनवर म्हणाले की फार वाईट वाटलं. सलिलनेच त्यांची समजूत घातली.

आप्पांना तो आल्या आल्या म्हणाला होता, "बरं केलंत आप्पा, मशीन दिलंत ते. माझं झालंच होतं."

"तरी म्हटलं विचारावं," आप्पा म्हणाले. "पण तुझा फोन लागेना."

"काही हरकत नाही."

त्या आठवड्यात सलिलने उरलेली मशिनं स्वतःच्या हाताने पुसली. मी दारात उभी होते. एकेक पट्टा जात होता आणि त्याच्या जागी कोणाची मोटार, कोणाचा तलवारवाला, आधी जिथे उभा होता तिथे येऊन उभा राहत होता. तो प्रत्येक खेळ उघडून बघत होता, बरोबर आलाय ना म्हणून. मग मशिनं पिशव्यांत भरली, आणि मी, मीसुद्धा, प्रत्येक पिशवीत आंबापोळी घातली. गणपती यायच्या आत सगळी घरोघर पोचली. कोणाला मागावं लागलं नाही.

"आप्पांना सांगत का नाहीस?" मी एकदा भांडलेच त्याच्याशी. "निदान त्यांना कळू दे तरी, नुसतं नीटनेटकं वागलं म्हणजे चांगलं वागलं असं नसतं."

"अठ्ठ्याण्णव साली मी त्यांच्यासाठी परत आलो," तो म्हणाला. "ते कधी बोलले नाहीत, पण इतकी वर्षं त्यांना ते बोचतंय. मला माहितीये. म्हातारपणी त्यात हे आणखी एक कशाला?"

"आणि तुझं काय?"

"माझं काय," तो म्हणाला, प्रश्न नव्हे, नुसतंच.

दिवाळीनंतर आम्ही एका संध्याकाळी आऱ्याला गेलो होतो. वाळू परत आली होती, स्वच्छ, भरपूर, खडक सगळे झाकलेले. सलिलने मूठभर उचलली, बघितली. "कोणाची आहे कोण जाणे," म्हणाला आणि हात झटकले. शीळ वाजवणारा तो माणूस मी तेव्हापासून पाहिला नाही. नवरा माझा अजून तसाच चांगला आहे, तक्रारीला जागा नाही. पण मला तो दुसरा हवा होता. तीन महिन्यांसाठी भेटला आणि कोणी तरी येऊन परत घेऊन गेलं.

नंतर वर्षभर सलिल आपणहोऊन आप्पांना सांगायचा, "सर बघतायत प्रबंध. वेळ लागतो या गोष्टींना." आप्पा मान डोलवायचे. पूर्वी चारचारदा विचारायचे, ते विचारणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. अढीच्या खोलीतही फिरकत नसत. मला वाटलं, वय झालं, विसरले. त्याचाही मला राग आला. इतकं मोठं करून ठेवायचं आणि वर विसरून जायचं!

पुढच्या वर्षी ते मशीन नव्या, बारक्या रूपात आलं. दुसरी प्रणाली घालायची सोय त्यातून काढून टाकली होती. सलिलने ते वाचलं आणि मला काही न सांगता कॉम्प्युटर बंद केला. आमचं स्वतःचं मशीन त्याआधीच एका भाच्याला देऊन झालं होतं.

त्या दिवाळीत डॉक्टर मनस्विनींकडून फराळाचा डबा आला. करंज्या, चिवडा. दोन दिवसांत डबा रिकामा झाला. दुपारची वेळ होती, सलिल ओटीवर कलमांच्या फवारणीचा पंप उघडून बसला होता आणि मी वाती वळत होते. आप्पा तो डबा हातात घेऊन आतून आले. मला वाटलं, मागच्या पडवीत मोरीकडे जातायत. चिंचेचा गोळा दुसऱ्या हातात होता. पण ते सलिलपाशी येऊन थांबले.

"सलिल, हा डॉक्टरांचा डबा."

"हो."

"घासायला घेऊ का?"

सलिलने वर बघितलं. या घरात आप्पांनी उसनं भांडं घासायला कोणाची परवानगी मागितल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"घ्या की."

"नाही," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी डब्याचं झाकण काढून डबा त्याच्यापुढे धरला. "आधी बघ. आत तुझं काही राहिलेलं नाही ना? विचारलेलं बरं."

माझ्या हातातली वात तशीच राहिली. सलिल पंप बाजूला ठेवून उभा राहिला. त्याने डब्यात वाकून बघितलं, खरोखरच बघितलं, लहान मुलासारखं.

"नाही आप्पा. काही नाही."

"बाबल्याने सांगितलंन मला," आप्पा म्हणाले. "गेल्या वर्षीच्या गणपतीतच. मी आरतीला गेलो होतो त्याच्याकडे. तो बिचारा रडायलाच लागला."

वर्षभर. वर्षभर हा माणूस 'सर बघतायत' ऐकून मान डोलवत होता, मुलाला खोटं बोलावं लागतंय ते नीट जमावं म्हणून. आणि मुलगा त्यांना कळू नये म्हणून रोज नव्याने खोटं बोलत होता. मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्याऐवजी मी रडायला लागले.

"आप्पा, द्या तो इकडे," सलिल म्हणाला.

"नको. माझं काम आहे ते."

पण त्यांच्याने पायरी उतरवेना. मग सलिलने त्यांना धरून मोरीपाशी नेलं, पाटावर बसवलं, आणि दोघं मिळून डबा घासायला लागले. एकजण चिंच लावत होता, दुसरा पाणी घालत होता. घासून झाल्यावर आप्पांनी सवयीने डबा उजेडाकडे धरला, आत बघितलं आणि माझ्याकडे दिला.

रिकामा पाठवायचा नाही म्हणून मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. फडताळ उघडलं. आंबापोळी होती, सुपाऱ्या होत्या, काल केलेले लाडू होते. मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. त्या डब्यात काय घालावं ते मला सुचेना.